नाव आणि गाव : युरोपातील रोमा समाज, त्यांची कला आणि आपण

परगावचा माणूस दारात आला की आपल्याकडे त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या केला जातो आणि मग दोन प्रश्न विचारले जातात : नाव काय, आणि गाव कोणते? या दोन प्रश्नांनी माणूस जवळ येतो, आणि याच दोन प्रश्नांनी दूरही लोटला जातो. आडनाव कळले की जात कळायची, वस्ती कळली की तांब्या हातात द्यावा की वरून पाणी ओतावे हे ठरायचे, तो काळ आपल्या आजी-आजोबांनी स्वतः भोगलेला आहे. म्हणून स्वागत या शब्दाचा अर्थ आपल्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच शब्दाचा विचार थोड्या दूरच्या भूमीवरून, युरोपातून, करणार आहोत.

युरोपातील अनेक देश आज स्वतःची ओळख खुला आणि आगतशील समाज अशी करून देतात. तेथे देशोदेशीच्या संगीताचे, नाट्याचे, चित्रांचे महोत्सव भरतात. एका भाषेतील कवी दुसऱ्या भाषेत आदराने वाचले जातात. या मोकळेपणाचा लाभ आपल्यालाही झालेला आहे. परमपूज्य बाबासाहेबांना लंडनच्या ग्रंथालयांची दारे उघडी मिळाली आणि 1923 साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी त्यांनी संपादन केली. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती आणि बडोद्यास उतरताच ती पुन्हा समोर उभी राहिली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. परंतु दूरच्या विद्यार्थ्याला ग्रंथालय उघडून देणाऱ्या त्याच युरोपात एक समाज शतकानुशतके उंबरठ्याबाहेर उभा होता. तो समाज म्हणजे रोमा. त्याची गाणी घरात आली, तो मात्र बाहेर राहिला. या समाजातील काही माणसांनी हंगेरीतील एका शाळेला डॉ. आंबेडकरांचे नाव दिले, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे म्हणून हा पाठ.

स्तंभांवरील नावे

संस्कृतींची देवाणघेवाण ही आजच्या विमानयुगाची गोष्ट नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलेल्या विद्यार्थ्यांनी तेथील स्तंभांवरचे ब्राह्मी लेख पाहिले असतील. सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या त्या लेखांत स्तंभाचे दान देणारे अनेक दाते स्वतःला 'यवन' म्हणवतात आणि धेनुकाकट हे आपले गाव सांगतात. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. नाशिकच्या लेण्यांपैकी 17 क्रमांकाचे लेणे उत्तरेकडील दत्तामित्री येथून आलेल्या धम्मदेव नावाच्या यवनाच्या मुलाने, इंद्राग्निदत्ताने, कोरविले. तेथेही दात्याचे नाव आहे, पित्याचे नाव आहे, गाव आहे.

या लेखांतून एक साधी गोष्ट कळते. ज्या संघाने हे दान स्वीकारले त्याने दात्याला आपले परकेपण लपवायला सांगितले नाही. शेजारच्या स्तंभावर एतद्देशीय उपासकाचे नाव आणि या स्तंभावर यवनाचे, दोन्ही एकाच छताचा भार वाहतात. परक्याचे नाव आणि गाव आपल्या वास्तूच्या स्तंभावर राहू देणे, ही स्वागताची कसोटी आम्ही येथून घेतो आणि पुढे तीच लावून पाहतो.

शब्दांनी सांगितलेला प्रवास

रोमा लोकांच्या भाषेला रोमानी म्हणतात. तिच्या बोली अनेक आहेत आणि उच्चार प्रदेशागणिक बदलतात. तरी पुढील शब्द पाहावेत. माणसाला 'मनुश', पाण्याला 'पानी', कानाला 'कान', केसांना 'बाल', डोळ्याला 'याख'. आणि ज्या दोन शब्दांनी आम्ही आरंभ केला, त्यांना रोमानीत काय म्हणतात? नावाला 'नाव' आणि गावाला 'गाव'. आमच्या वर्गात हे शब्द फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, हे तर आपलंच आहे." त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. 1782 मध्ये योहान रुडिगर या जर्मन अभ्यासकाने रोमानीची तुलना हिंदुस्थानी भाषेशी करून या लोकांचे मूळ भारतात असल्याचे दाखविले. आज भाषाशास्त्रज्ञ असे मानतात की सुमारे 1000 वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज उत्तर भारतातून पश्चिमेकडे निघाले.

वाटेत ते कोठे कोठे थांबले, हेही भाषाच सांगते. रोमानीतील अंक मोजून पाहावेत : येक, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव. येथवर आपला हात धरून चालता येते. पुढचे अंक मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या असे आहेत. हे तीन अंक ग्रीक आहेत, आणि दहाला पुन्हा 'देश', म्हणजे आपला दशच. नशिबासाठीचा 'बख्त' हा शब्द त्यांनी फारसीतून घेतला. रस्त्यासाठीचा 'द्रोम' हा शब्द ग्रीकांकडून घेतला. ज्या समाजाचे अवघे आयुष्य रस्त्यावर गेले, त्याला रस्त्यासाठीचा शब्दही रस्त्यातच मिळाला. ज्यांच्याजवळ लिखित इतिहास नव्हता, त्यांनी आपला इतिहास बोलण्यातून जपला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रोमा हे आपल्या बंजारा किंवा पारधी बांधवांचेच वंशज आहेत, असे काही वेळा ठामपणे सांगितले जाते. नात्याची ओढ समजण्यासारखी आहे. परंतु तसा निर्णायक पुरावा नाही. केवळ नादावरून नाते जोडू नये, याचे एक उदाहरण पुढेच येईल.

परक्यांनी दिलेली नावे

रोमा स्वतःला 'रोम' म्हणतात. त्याचा अर्थ त्यांच्या भाषेत माणूस, पुरुष. युरोपाने मात्र त्यांना आपापली नावे दिली. ते इजिप्तहून आले अशा गैरसमजातून इंग्रजीत 'जिप्सी' हा शब्द रूढ झाला. जर्मन 'त्सिगॉयनर' आणि हंगेरियन 'त्सिगान्य' हे शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आले असे मानले जाते, त्याचा अर्थ 'ज्यांना स्पर्श करू नये' किंवा 'जे स्पर्श करीत नाहीत' असा लावला जातो. आपल्या वाचकांना या ठिकाणी क्षणभर थांबावेसे वाटेल.

नावानंतर गावाची पाळी आली. आजच्या रुमानियातील वलाकिया आणि मोल्दाविया या प्रांतांत रोमा लोक सुमारे 5 शतके गुलाम म्हणून विकले जात होते. 1855 आणि 1856 मध्ये ही प्रथा संपली. 18 व्या शतकात हंगेरीवर राज्य करणाऱ्या मारिया थेरेसा हिने त्यांना 'सुधारण्याचे' ठरविले. त्यांच्या भाषेवर बंदी आली, जुने नाव टाकून त्यांना नवे शेतकरी, नवे नागरिक म्हणावे असे फर्मान निघाले आणि मुले आईबापांपासून काढून इतर घरांत ठेवण्यात आली. ज्या समावेशाची पहिली अट माणसाने आपली भाषा आणि आपले लेकरू सोडणे ही असते, त्याला स्वागत कसे म्हणावे?

20 व्या शतकात नाझी राजवटीने या समाजाचा संहार केला. मृतांचे अंदाज सुमारे 2 लाखांपासून 5 लाखांपर्यंत दिले जातात. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री आउश्विट्झ-बिर्केनाउ येथील रोमा कुटुंबांची छावणी रिकामी करण्यात आली आणि तेथे उरलेल्या हजारो स्त्री-पुरुषांना व मुलांना विषारी वायूने ठार मारण्यात आले. युरोपीय संसदेने 2 ऑगस्ट हा त्यांचा स्मृतिदिन म्हणून मान्य केला तो 2015 मध्ये, म्हणजे 71 वर्षांनी.

कला हवी, कलावंत नको

ज्यांना गावात जागा नव्हती, त्यांच्या सुरांना मात्र दरबारात जागा होती. हंगेरीतील रोमा व्हायोलिनवादक बिहारी यानोश (1764–1827) यांचे वादन ऐकण्यास सरदार-उमराव जमत. (त्यांच्या आडनावाचा आपल्या बिहारशी संबंध नाही, ते हंगेरीतील त्याच नावाच्या परगण्यावरून आले आहे. नादावर विसंबू नये ते यासाठी.) थोर संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांनी या वादकांकडून ऐकलेले सूर आपल्या रचनांत वापरले आणि 1859 मध्ये त्यांच्या संगीतावर ग्रंथही लिहिला. स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात फ्लामेंको हे गायन-नृत्य घडविण्यात तेथील रोमांचा, ज्यांना गितानो म्हणतात, वाटा मोठा आहे. 2010 मध्ये युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. 1910 मध्ये बेल्जियममधील एका खेड्यात जन्मलेला जँगो राइनहार्ट वॅगनमध्ये वाढला. 1928 मध्ये आगीत भाजून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली. उरलेल्या बोटांनी त्याने गिटारवादनाची नवी रीत शोधली आणि 1934 पासून पॅरिसच्या श्रोत्यांना जिंकले.

आपल्याला हे नवे वाटू नये. ढोलकीवर थाप पडली की गाव गोळा होत असे, पण ढोलकीवाला महारवाड्यात किंवा मांगवाड्यातच झोपायला जात असे. लावणीला दाद देणारे हात लावणी गाणारीला सून म्हणून घरात घेत नसत. तमाशा हा मराठी मनाचा ठेवा म्हणून गौरविला गेला. तो जपणाऱ्या जातींच्या वाट्याला तो गौरव आला नाही. म्हणूनच बाबासाहेबांच्या चळवळीतील भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलसा उभा केला तेव्हा कला तीच राहिली, पण गाणाऱ्याची मान ताठ झाली. करमणूक करणारा प्रबोधन करू लागला. कलेची देवाणघेवाण समतेची केव्हा होते, याचे उत्तर या जलशाने दिले आहे. ज्याची कला आपण घेतो, त्याला आपल्याशी बोलण्याचा, प्रसंगी आपल्याला खडे बोल सुनावण्याचा अधिकारही मिळाला पाहिजे.

शाळेचे दार

हा अधिकार शाळेतून मिळतो, आणि युरोपात शाळेचेच दार अर्धे लावलेले होते. चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहरात रोमा मुलांना मतिमंद मुलांसाठीच्या वेगळ्या शाळांत पाठविले जाई. 18 मुलांच्या वतीने हे प्रकरण मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात गेले आणि 13 नोव्हेंबर 2007 रोजी न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला. निर्णय मोठा होता. तरी निकालपत्राने बाकावरची जागा आपोआप मिळत नाही, हेही आपण जाणतो.

त्याच 2007 साली हंगेरीच्या ईशान्येला, शायोकाझा नावाच्या खेड्यात एक शाळा सुरू झाली. हा भाग पूर्वी खाणी आणि पोलाद यांवर जगणारा. ते उद्योग बंद पडल्यावर सर्वांत आधी रोमांचे काम गेले. देर्दाक तिबोर हे समाजशास्त्रज्ञ आणि ओर्शोश यानोश हे रोमा शिक्षक तेथे काम करीत होते. एका पुस्तकातून त्यांना बाबासाहेबांचा परिचय झाला. आपल्या लोकांची कथा दुसऱ्या खंडात कोणी आधीच जगले आहे आणि तिचा मार्गही दाखविला आहे, असे त्यांना वाटले. ते महाराष्ट्रात आले, येथील बौद्ध वस्त्या, वसतिगृहे, विहारे त्यांनी पाहिली. परत जाऊन त्यांनी 'जय भीम' या नावाने बौद्ध संघटन उभे केले आणि शाळेला डॉ. आंबेडकरांचे नाव दिले. मध्येच शाळा सुटलेल्या तरुण-तरुणींना शालान्त परीक्षेपर्यंत नेणे, हे त्या शाळेचे मुख्य कार्य आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हंगेरीतील बहुसंख्य रोमा आज रोमानी बोलत नाहीत. त्यांची घरची भाषा हंगेरियनच झाली आहे. 'नाव' आणि 'गाव' हे शब्द तेथील अनेक घरांतून नाहीसे झाले आहेत. म्हणजे शब्दांच्या साम्यामुळे ते आपल्याकडे आले असे म्हणता येत नाही. अपमानाचा अनुभव सारखा होता आणि त्यातून बाहेर पडण्याची इच्छा सारखी होती, म्हणून ते आले. महाराष्ट्रातून युरोपात आजवर मसाले गेले, कापूस गेला, विद्यार्थी गेले. या वेळी दोन शब्दांचे एक अभिवादन गेले, आणि ते ज्यांनी घेतले त्यांनी त्याचे नाव बदलले नाही. कार्ल्याच्या स्तंभावर यवनाचे नाव जसे राहिले, तसे शायोकाझात सुरू झालेल्या शाळेला बाबासाहेबांचे नाव मिळाले.

युरोपातही दारे उघडत आहेत, हे न सांगणे अन्यायाचे होईल. बर्लिनमध्ये संसद भवनाजवळ 2012 मध्ये रोमा आणि सिंती बळींचे स्मारक उभे राहिले. त्याच शहरात 2017 मध्ये रोमा कलांसाठी युरोपीय संस्था स्थापन झाली, आणि आता रोमा चित्रकार, अभ्यासक स्वतः आपली कला मांडतात. ऑस्ट्रियातील चेया स्टोइका (1933–2013) बालपणी तीन छळछावण्यांतून वाचल्या. 1988 मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांनी चित्रे काढण्यास आरंभ केला. तारांच्या कुंपणाची, कावळ्यांची, आणि त्याआधीच्या उन्हातल्या गाड्यांची ती चित्रे आज मोठमोठ्या संग्रहालयांत लावली जातात. ज्यांना मोजण्यासाठी हातावर क्रमांक गोंदविला गेला, त्यांचे नाव आता भिंतीवर आहे.

आपले अंगण

दूरच्या माणसाविषयी कळवळा वाटणे सोपे असते. म्हणून शेवटी आपल्या अंगणात यावे लागते. यवतमाळ जिल्ह्यात बंजाऱ्यांचे तांडे आहेत, फासेपारध्यांचे बेडे आहेत, कोलामांचे पोड आहेत. 1871 च्या कायद्याने इंग्रज सरकारने पारध्यांसह कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पण चोरी झाली की पहिली नजर कोणत्या वस्तीकडे वळते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

2019 च्या जानेवारीत यवतमाळला 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते. त्या इंग्रजीतून लिहितात म्हणून विरोध झाला आणि निमंत्रण मागे घेण्यात आले. बोलावलेल्या पाहुण्याला येऊ नका म्हणून कळविण्याची वेळ आपल्या जिल्ह्यावर आली, याची खंत आम्हांला आहे. मात्र त्याच मंचावर उद्घाटक म्हणून या जिल्ह्यातील एक शेतकरी भगिनी उभी राहिली, जिच्या पतीने कर्जापायी जीवन संपविले होते. एकच मंच एका पाहुणीला बंद झाला आणि जिचे ऐकायला फारसे कोणी जात नव्हते तिला खुला झाला. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत, आणि दोन्ही लक्षात ठेवाव्यात.

आमच्या वसतिगृहात पोडावरून आलेली मुले आहेत. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा आहे. तिचे शब्द मराठीच्या जवळचे नाहीत. रोमानीतील 'गाव' ऐकून मागच्या बाकावरचा मुलगा हरखला होता. त्याच बाकावर त्याच्या शेजारी बसलेल्या कोलाम मुलाला त्याच्या घरी गावाला काय म्हणतात, हे आम्ही सर्वांनी त्या दिवशी प्रथमच विचारले. तो आधी लाजला, मग हळूच बोलला, आणि आम्ही तो शब्द फळ्यावर लिहिला. साम्य दिसल्यावर आनंद होतो. परंतु साम्य ही स्वागताची अट असू नये. जो आपल्यासारखा बोलत नाही, त्याचेही नाव त्याच्या उच्चारात आणि त्याचे गाव त्याच्या शब्दात लिहून घेता आले, तर आपल्या शाळेचा एक स्तंभ त्याचा होईल. एवढे जमले, तर युरोपाला कसोटी लावण्याचा अधिकार आपल्याला आहे असे म्हणता येईल.

अभ्यासासाठी

1. आपल्या वर्गातील प्रत्येक घरबोलीतून नाव, गाव, पाणी, कान, रस्ता आणि 1 ते 10 अंक यांचा तक्ता तयार करावा. कोणते शब्द जुळतात, कोणते जुळत नाहीत, ते नोंदवावे.

2. आपल्या गावात ज्यांची कला आवडीने ऐकली वा पाहिली जाते अशा एका ज्येष्ठ कलावंताला भेटावे. कार्यक्रम संपल्यावर त्यांना कोठे जेवायला बसविले जाई, हे आदरपूर्वक विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहावे.

3. परक्याने दिलेले नाव आणि स्वतः घेतलेले नाव यांत कोणता भेद आहे? रोमा समाज आणि आपला समाज या दोन्हींची उदाहरणे देऊन 20 ओळींत विवेचन करावे.